घरकुल उभे राहिले; पण मे महिन्यात त्यात राहायचे कसे?

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या कार्यक्रमातून राज्यातल्या २० लाख कुटुंबांना प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्याची मंजुरीपत्रे एकाच दिवशी देण्यात आली. त्यानंतर तुमसरपासून लाखांदूरपर्यंत कोणत्याही गावात शिरा, रस्त्याच्या कडेला गिट्टीचा ढीग, सळईचे गज आणि अर्धवट उभी चार भिंतींची खोली दिसणारच. जुनी कवेलूची घरे पाडून त्याच जागेवर नवी पक्की घरे होत आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पावसाळ्यात ज्यांच्या घरात गंज आणि बादल्या मांडून रात्र काढावी लागत होती, त्यांना या घराचे मोल विचारा.

पण याच घरांत राहायला गेलेल्या लोकांना मे महिन्यात भेटा. म्हातारी माणसे दुपारभर शेजारच्या जुन्या घराच्या ओसरीत बसलेली असतात, आणि रात्री नवे घर सोडून सगळे कुटुंब आंगणात खाटा टाकते. "घर पक्कं झालं, पण आत झोपता येत नाही," हे वाक्य आपल्याकडे आता नवीन राहिलेले नाही. मग कूलर येतो. कूलरमागे विजेचे बिल येते, आणि पाण्याची ओढाताण येते. म्हणजे सरकारने घर दिले, पण ते राहण्याजोगे करण्याचा खर्च दर उन्हाळ्याला तुमच्याच खिशातून जातो.

हे टाळता येते का? बऱ्याच अंशी येते. मात्र त्यासाठीचे निर्णय जोता भरण्याच्या आधी घ्यावे लागतात. एकदा स्लॅब पडला की निम्मे दरवाजे बंद झाले असे समजा.

साठ क्विंटलचा तवा

आधी छताचा हिशेब करू, कारण आपल्या भागातल्या घराचे सगळे दुखणे तिथून सुरू होते.

घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. त्यावर चार इंची स्लॅब टाकला तर त्याचे वजन साधारण साठ क्विंटल भरते. मे महिन्यात आपल्याकडे एका चौरस मीटर सपाट छतावर दिवसभरात सहा युनिटांच्या आसपास ऊर्जा उन्हातून पडते. २५ चौरस मीटरचे झाले दीडशे युनिट. तुमच्या घरात महिनाभरात जेवढी वीज लागत नाही, तेवढे ऊन एका दिवसात तुमच्या डोक्यावर पडते. नवा स्लॅब करडा असतो, दोन पावसाळ्यांत शेवाळाने काळा होतो, आणि काळे छत त्यातला बहुतेक भाग शोषून घेते.

आता साठ क्विंटल काँक्रीट दिवसभर असे तापले की ते काही सूर्य बुडताच थंड होत नाही. काँक्रीट उष्णता हळू घेते आणि हळूच सोडते. दुपारी दोनला वरच्या अंगाला लागलेली झळ खालच्या अंगाला यायला काही तास घेते. म्हणूनच बाहेर आठ वाजता वारा जरा बरा वाटू लागतो, तेव्हा आत स्लॅब तव्यासारखा तापलेला असतो. रात्री नऊला हात वर करून स्लॅबला लावून पाहा. पंखा लावला तर तो छताजवळची तीच गरम हवा तुमच्या अंगावर फेकतो.

टीनाच्या छपराचे उलटे. ते उष्णता साठवत नाही, आलेली झळ त्याच घटकेला खाली पाठवते. दुपारी टीनाखाली बसवत नाही, पण रात्री ते लवकर निवते. पावसाचा आवाज, वावटळीत उडण्याची भीती आणि गंज हे त्याचे वेगळे त्रास.

दिवसा पारा ४५ च्या पुढे गेला तरी माणूस सावलीत, झाडाखाली, बांधावर कसातरी निभावून नेतो. पण रात्रीही शरीराला थंडावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हाला तोंड द्यायची ताकद राहत नाही. म्हातारे, तान्ही मुले आणि गरोदर बाया यांना याचा फटका आधी बसतो. तेव्हा तापलेला स्लॅब हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही, प्रकृतीचाही आहे.

जुने घर थंड का होते?

आपल्या जुन्या घराला खरे तर दोन छपरे होती. वर कवेलू, आणि त्याखाली लाकूड-मातीचा माळा, ज्यावर धान, मोहफूल, बियाणे, अडगळ ठेवत. ऊन कवेलू झेलत, आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाई. उरलेली झळ माळ्याची माती अडवून धरी. भिंत दीड हात जाडीची मातीची. तिच्यातून दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होऊन बाहेर थंडावा आलेला असे. यात कोणाची विद्वत्ता नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

पण म्हणून "जुने ते सोने" म्हणत बसायचीही सोय नाही. कवेलूची घरे लोकांनी हौसेने पाडलेली नाहीत. दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात आणि ते फेरायला माणूस मिळत नाही. जंगलालगतच्या गावांत वांदरांच्या एका टोळीने उडी मारली की दोनशे कवेलू फुटले. फाट्यांना आणि आढ्याला सागवान आणायचे कुठून? बहुतेक कुंभारांनी देशी कवेलू करणे सोडले. वाळवी आहेच. आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा नदीकाठच्या गावांत मातीच्या भिंती पाण्यात कशा बसल्या, ते भंडारा, पवनी, मोहाडी तालुक्यांतील लोकांना सांगायला नको. ज्याची भिंत पुरात विरघळली त्याला मातीच्या घराचे गुणगान ऐकवणे बरे नाही.

तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा, की स्लॅबच्या घरात जुन्या घराचे दुसरे छप्पर परत कसे आणता येईल?

हा प्रश्न पहिल्यांदा आपणच विचारतो आहोत असेही नाही. वर्धा जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले आणि तिथे माती, बांबू, लाकूड, कवेलू यांचे घर उभे राहिले. ते आजही उन्हाळ्यात जाऊन बसून पाहता येते. त्याच वर्ध्यात देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. या केंद्राने कुंभाराच्या चाकावर होणाऱ्या, पेल्यासारख्या निमुळत्या भाजक्या मातीच्या नळ्या एकात एक बसवून कमानीचे छप्पर करण्याची पद्धत विकसित केली. लाकूड नाही, सळई जवळपास नाही, आणि कुंभाराला काम. पोकळ नळ्यांतली हवा झळ अडवते. पद्धत चांगली आहे, पण आपल्या गावातल्या मिस्त्रीला ती येत नाही आणि घरकुलाचा हप्ता मिस्त्री शिकेपर्यंत थांबत नाही. म्हणून आज जे आपल्या मिस्त्रीला थोड्या समजावणीने जमेल तेच पुढे सांगतो.

पाडलेल्या घराचे कवेलू फेकू नका

घर पाडले की कवेलूंचा ढीग परसात पडतो. कोणी तो रस्त्याच्या खड्ड्यात टाकतो, कोणी शेजाऱ्याला देतो. थांबा. त्या कवेलूंचे दोन उपयोग आहेत.

पहिला उपयोग स्लॅबच्या पोटात. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटला फारसे काम नसते, ओढ तिथली सळई घेते. काँक्रीट लागते ते वरच्या भागात, दाब सोसायला. म्हणून सळयांच्या चौकटींच्या मध्ये इंग्रजी कवेलू, दोन-दोन उलटसुलट जोडून, ठेवतात आणि वरून काँक्रीट ओततात. याला फिलर स्लॅब म्हणतात. केरळात लॉरी बेकर या स्थापत्यकाराने ही पद्धत हजारो साध्या घरांसाठी वापरून दाखवली. यात काँक्रीट पाचव्या हिश्श्यापर्यंत वाचते, वजन कमी होते, आणि दोन कवेलूंमध्ये अडकलेली हवा झळ रोखते. मात्र सळयांचे अंतर अभियंत्याकडूनच ठरवून घ्या. भिंतीजवळच्या भागात आणि छज्जात कवेलू टाकायचे नाहीत. काँक्रीट ओतण्याआधी कवेलू भिजवून घ्यायचे, नाही तर ते काँक्रीटचेच पाणी पितात. पंचायत समितीत ग्रामीण गृहनिर्माण अभियंता असतो, त्याला हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरा उपयोग स्लॅबच्या वर, आणि हा अधिक सोपा आहे. फुटके कवेलू, विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंटचा माल यांचा तीन-चार इंची कोबा स्लॅबवर उताराने टाकायचा. दर दहा फुटांना किमान दीड इंच उतार असू द्या, म्हणजे पाणी थांबणार नाही. हा थर दोन कामे करतो. झळ अडवतो, आणि स्लॅब गळू देत नाही. आपल्याकडे स्लॅब गळायला लागला की लोक वरून टीन मारतात. पाणी स्लॅबमध्ये मुरून सळई गंजली, फुगली आणि खालचा पापुद्रा पडला की दुरुस्ती नव्या बांधकामाइतकी महाग. कोब्याचा खर्च सुरुवातीला जड वाटतो, पण दहा वर्षांचा हिशेब केला तर तो स्वस्तातला आहे. भिंतींवर हे वजन येणार, ते अभियंत्याला आधीच सांगून ठेवा.

कोब्यावर फरशीच्या दुकानातले पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले तर उत्तमच. नाही जमले तर चुना मारा.

चुन्याची बादली

होय, साधा चुना. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. पांढरे छत ऊन परत फेकते. काळा पडलेला स्लॅब उन्हाच्या शंभरातले सत्तर-ऐंशी भाग पितो, पांढराशुभ्र स्लॅब पंचवीस-तीस. वरच्या दीडशे युनिटांच्या हिशेबात हा फरक मांडून पाहा. आतल्या हवेत यामुळे दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. अहमदाबाद शहरात २०१० च्या उन्हाळ्यात उष्णतेने फार माणसे दगावली, त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णतेपासून बचावाचा आराखडा झाला आणि २०१७ पासून झोपडपट्ट्यांची छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले गेले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. शहरांना जे आता सुचले, ते आपल्याला दिवाळीत घराला चुना मारताना छतापर्यंत शिडी नेली असती तरी साधले असते.

पद्धत अशी. मार्चमध्ये छत ताराच्या ब्रशने घासून शेवाळ काढा. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवून गाळून घ्या. त्यात थोडा डिंक किंवा बाजारातला पांढरा गोंद आणि मूठभर मीठ टाका, म्हणजे तो लवकर झडत नाही. छत ओले करून दोन हात द्या, पहिला उभा, दुसरा आडवा. चुना विरवताना मुलांना दूर ठेवा आणि डोळे सांभाळा. २६९ फुटांच्या छताला दहा किलोच्या आत-बाहेर चुना लागतो. पावसाळ्यात तो बराच धुऊन जाईल, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मारा. कवेलू फेरण्याच्या दोन दिवसांच्या जागी हे एका सकाळचे काम.

टीनाचे छप्पर असेल तर आतून बांबूचा तट्टा लावा. टीन आणि तट्टा यांच्यात निदान एक फूट पोकळी राहू द्या, आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतीत जाळी ठेवा, म्हणजे पोकळीतली गरम हवा बाहेर जाईल. आपल्या जिल्ह्यात बुरडांचा हात अजून शाबूत आहे, तट्ट्याचे काम त्यांना मिळेल. काही जण टीनावर तणस किंवा पऱ्हाटी पसरतात. गारवा मिळतो खरा, पण एका ठिणगीने घर जाते. विजेची तार वरून जात असेल तर हे करूच नका. त्यापेक्षा छतापासून फूटभर वर हिरवी शेडनेट ताणून बांधा.

पश्चिमेची भिंत

छतानंतर भिंती. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे दुपारी सूर्य ऐन डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला फारसे ऊन लागत नाही. भाजून निघते ती पश्चिमेची भिंत, दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत. म्हणून जागा परवानगी देत असेल तर घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला ठेवा. पश्चिमेला मोठी खिडकी नको. न्हाणी, संडास, धान्याची कोठी त्या अंगाला घ्या, म्हणजे ऊन त्या खोल्यांनी खावे. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरे. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो तेव्हा त्याच छज्जाखालून कोवळे ऊन आत येते.

गावठाणात जागा चिंचोळी असते आणि दार रस्त्याकडेच हवे असते, हे मान्य. कॅलेंडरातल्या वास्तुशास्त्रापायी दार फिरवणारे लोकही आहेतच. तेवढाच हट्ट त्यांनी पश्चिमेच्या उन्हासाठी धरला तर बरे होईल. दिशा बदलता येत नसेल तर पश्चिमेला मांडव घाला. लवकी, दोडका, कारल्याचा वेल चढवा, भाजीही होते. कायमचे झाड लावायचे तर शेवगा लवकर वाढतो, कडुनिंब टिकतो. मात्र कडुनिंब भिंतीपासून दहा-पंधरा फूट दूर लावा.

खिडक्या समोरासमोर हव्यात. आणि छताच्या लगत, दोन्ही भिंतींत, वीतभर उंचीचे झरोके ठेवा. गरम हवा वर जाते, तिला बाहेर पडायला वाट द्या. मिस्त्री "पाणी येईल" म्हणून झरोका टाळतो. वर छोटा छज्जा काढला की येत नाही.

विटांबद्दल थोडक्यात. मौदा, तिरोडा, कोराडी इथल्या औष्णिक केंद्रांच्या राखेमुळे राखेच्या विटा आपल्या भागात मिळतात. त्या सारख्या मापाच्या असतात, गिलावा कमी लागतो. पण राखेची वीट लावली म्हणून घर थंड होते, हा समज खरा नाही. भिंत थंड ठेवायची तर विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी सोडायची, नऊ इंचांची भिंत तशीच राहते. हिला उंदीरसापळ्याची जोडणी म्हणतात. विटा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने वाचतात. मिस्त्रीला दोन दिवस सवय व्हायला लागतात, तेवढा धीर धरा. दाराची चौकट सिमेंटची घ्या, वाळवीची कटकट कायमची संपते. जोता रस्त्यापेक्षा दोन फूट उंच असू द्या. नदीकाठच्या गावांनी २०२० च्या पाण्याची खूण पाहून उंची ठरवावी.

कूलर, बिल आणि सौर पॅनल

आता विजेचा हिशेब. मध्यम कूलर दोनशे वॅटचा धरा. दहा तास चालला तर रोज दोन युनिट, महिन्याला साठ. जुने दोन पंखे पंधरा तास चालले तर आणखी सदुसष्ट. टीव्ही, दिवे, पाण्याची मोटर वेगळी. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढच्या प्रत्येक युनिटाचा दर जवळपास दुप्पट आहे, आणि कूलर तुम्हाला नेमका त्या रेषेच्या पलीकडे नेऊन सोडतो. पंचाहत्तर वॅटच्या पंख्याऐवजी बीएलडीसी पंखा घेतला तर तो तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दोन पंख्यांत महिन्याला चाळीस युनिट वाचतात. नवीन घरासाठी पंखे घ्यायचेच आहेत, तर हेच घ्या.

कूलर ठेवाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर लावला की आत नुसती ओल साचते, गारवा येत नाही. आणि मृग लागून हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत उकाड्यात घराला वाचवतात ते समोरासमोरच्या खिडक्या आणि झरोकेच.

सौर पॅनलबद्दल सध्या पुष्कळ बोलले जाते. केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. घरकुलासाठी राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची वाढ दिली, त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. एक किलोवॅटमधून दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते, म्हणजे महिन्याला सुमारे १२०. साध्या घरकुलाला एवढे भरपूर झाले. शिवाय पॅनलची सावली छताच्या पाचव्या भागावर पडते, तेवढा स्लॅब तापत नाही.

दोन गोष्टी मात्र विक्रेता तुम्हाला सांगणार नाही. एक, बॅटरी नसलेली यंत्रणा गावातली वीज गेली की स्वतःही बंद पडते. रात्री लाइन गेली तर पॅनल असूनही पंखा फिरणार नाही. दुसरी, स्लॅबला भोकं पाडून पॅनलचे पाय बसवले आणि भोकं नीट बुजवली नाहीत तर गळतीला तिथून सुरुवात होते. पायांसाठी काँक्रीटचे ठोकळे स्लॅब किंवा कोबा करतानाच करून घ्या. पॅनलवर धूळ बसते, पंधरवड्यातून एकदा सकाळी पाण्याने धुवा. आणि क्रम ध्यानात ठेवा. आधी छत थंड करा, मग पंखे बदला, मग पॅनल. तापलेल्या घरावर पॅनल बसवून त्या विजेवर कूलर चालवणे म्हणजे गळक्या बांधीत मोटर लावून पाणी भरत राहणे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

योजनेच्या मार्गदर्शक सूचना नीट वाचल्या तर "पक्के घर" याची व्याख्या अशी आहे, की साधारण देखभालीत, हवापाण्याचा मारा सोसून, किमान तीस वर्षे टिकेल ते घर. त्यात स्लॅबच हवा असे कुठेही म्हटलेले नाही. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदार नको, असेही त्यातच आहे. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने आयआयटी दिल्ली आणि यूएनडीपीच्या साहाय्याने वेगवेगळ्या हवामानाला साजेशा घरांचे नमुने 'पहल' या संग्रहात काढून ठेवले आहेत. तरीही गावोगाव एकच खोली, एकच खिडकी आणि वर सपाट स्लॅब हाच नमुना उभा राहतो. कारण सरळ आहे. फोटोत स्लॅब दिसला की हप्ता अडकत नाही. लाभार्थी भितो, मिस्त्रीला दुसरे येत नाही, आणि अधिकाऱ्यांना मार्चअखेरचे उद्दिष्ट गाठायचे असते. यात कोणा एकाचा दोष काढून उपयोग नाही, पण ही भीती ग्रामसभेत मोडता येते. "कवेलूचा फिलर स्लॅब किंवा तट्ट्याचे छप्पर यामुळे हप्ता थांबणार नाही," हे पंचायत समितीच्या अभियंत्याकडून ग्रामसभेत सर्वांसमोर बोलवून घ्या आणि कार्यवृत्तात लिहून ठेवा.

महाआवास अभियानात तालुक्याच्या ठिकाणी नमुन्याची घरे, म्हणजे डेमो हाऊस, बांधण्याची कल्पना होती. अशा घराच्या निम्म्या छताला चुना मारावा, निम्मे तसेच सोडावे, आणि दोन्हीकडे आतून एकेक तापमापी टांगावा. घरकुलाची यादी बघायला आलेला माणूस तो आकडा वाचून घरी जाईल. योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण आहे. त्यात आपल्या गावचे दोन तरुण पाठवा, आणि फिलर स्लॅब व उंदीरसापळ्याची जोडणी त्यात शिकवलीच पाहिजे असा आग्रह धरा. नवीन वस्तीचा आराखडा टाकताना रस्ते पूर्व-पश्चिम काढले तर दोन्ही बाजूंच्या घरांची तोंडे आपोआप उत्तर-दक्षिणेला येतात. यासाठी एक रुपयाही जादा लागत नाही.

वाळूचे म्हणाल तर २०२५ च्या राज्याच्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे ठरले. वैनगंगेची वाळू दूरदूरच्या शहरांतल्या इमारतींना जाते, आणि काठावरचा घरकुलवाला पाससाठी तहसीलच्या चकरा मारतो, अशी तक्रार ऐकू येते. तुमच्या गावाची मागणी एकत्र करून ग्रामपंचायतीने एकदाच पाठवली तर प्रत्येकाची मजुरी बुडणार नाही.

शेवटची गोष्ट वेळापत्रकाची. आपल्याकडे धान चुरून झाले की बांधकाम सुरू होते आणि हप्त्यांच्या उशिरामुळे स्लॅब नेमका मे महिन्यात पडतो. विहिरी, बोअर तेव्हा तळाला गेलेले असतात. मिस्त्री तीन दिवस पाणी मारतो आणि निघून जातो. काँक्रीटला पहिले सात दिवस तरी अखंड ओल लागते, चौदा दिवस मिळाली तर उत्तम. ती मिळाली नाही तर स्लॅबला केसासारख्या भेगा पडतात, आणि पुढच्या पावसात त्याच भेगांतून पाणी झिरपते. म्हणून दिवाळीनंतर जोता आणि फेब्रुवारीपर्यंत स्लॅब असा बेत ठेवा. हप्ता उशिरा आला आणि मे टळत नसेल, तर स्लॅब संध्याकाळी ओता, दुसऱ्या सकाळी त्यावर मातीच्या पाळी घालून बांधीसारखे वाफे करा, दोन-तीन इंच पाणी साठवा आणि वर भिजलेले बारदाने पसरा. टँकर बोलवायचा असेल तर स्लॅबच्या आदल्या दिवशीच बोलवून ठेवा.